उजव्या कानातून डाव्या कानात

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. वालाच्या शेंगेएवढे, कानामागे बसणारे. मित्रांनो, माझी गोष्ट तुटक आहे. बॅटरीचे झाकण लावले की मी जागे होते, झाकण उघडले की बंद. मधले मला काही कळत नाही. जिथे 'बंद' असे येईल, तिथे तुम्हीही थोडे थांबा.

चालू.

अकोल्याच्या जुन्या शहरातले दोन खोल्यांचे घर. भावना तेव्हा दहावीत होती. लहानपणापासून दर सर्दीत तिचे कान वाहायचे. वाहता वाहता दोन्ही पडद्यांना भोके पडली होती. तिच्या उजव्या कानाचा साचा घेऊन तो माझ्या नळीला जोडला होता.

"आई, आपला पंखा इतका कुरकुर करते?" तिने विचारले.

"दहा वर्षांपासून करून राहिला, बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

वर्गात मुली म्हणत, "भावनाचा टॉवर आला." ती केस पुढे घेई. मी केसांआड राहून काम केले. गणिताच्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तरी मी तिच्यापर्यंत पोहोचवत असे.

पण माझ्यात दोन उणिवा आहेत. मला मुठीत धरले की मी शिट्टी वाजवते. आणि कान वाहू लागला की मला काढावे लागते, कारण साच्याने कान कोंदतो. ज्या दिवसांत तिला सर्वांत कमी ऐकू येई, नेमक्या त्याच दिवसांत मी डबीत.

बंद.

चालू.

अमरावती. राजापेठेत खोली, नर्सिंगचे पहिले वर्ष. कानात साचा असताना स्टेथोस्कोप बसत नाही. म्हणून रक्तदाब तपासताना भावना मला काढून, चालूच, टेबलावर ठेवी.

"किती आलं?" शिकवणाऱ्या सीमा मॅडमनी तिच्या कानाशी येऊन मोठ्याने विचारले.

"एकशे वीस वर ऐंशी."

"आणि मघाच्या आजींचं?"

"एकशे वीस वर ऐंशी."

"त्यांच्या आधीच्या काकांचंही तेच. भावना, तू ऐकलंस, की काट्याकडे पाहून ठोकून दिलंस?"

टेबलावर मी काहीच करू शकत नव्हते.

"ऐकू नाही आलं, मॅडम."

"मग तसं सांगायचं. तुझ्या आकड्यावर कोणाला गोळी देतील, कोणाला देणार नाहीत. माणूस जाईल ना! एप्रिलच्या प्रॅक्टिकलला मी दोघींनी मिळून ऐकायच्या स्टेथोस्कोपच्या दुसऱ्या नळीने तुझ्यासोबत ऐकणार आहे."

मग तिने मला पुन्हा कानात घातले.

बंद.

चालू.

अकोल्याच्या डॉक्टरबाईंची खोली. मनकर्णाबाईंनी विचारले, "नस खराब हाय का?"

"नस चांगली आहे. भोक पडद्याला आहे. यंत्र आवाज मोठा करतं, भोक बुजवत नाही. ऑपरेशनने भोक बुजवता येतं, पण हमी देणार नाही. बहुतेकांचा पडदा धरतो, काहींचा नाही. यंत्रावर आयुष्य काढलं तरी त्यात कमीपणा नाही."

"मले नाडी ऐकायची हाय," भावना म्हणाली.

"मग आधी उजवा कान करू. पण तो अगदी कोरडा पाहिजे. थेंबभर ओलही नको."

कोरडा. हा शब्द मनकर्णाबाईंबरोबर घरी आला आणि त्यांच्या मनात रुतून बसला.

बंद.

चालू.

तीच खोली. मी टेबलावर. माझ्या साच्याला लसणाचा वास.

"कानात तेल कोणी घातलं?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला होता.

"म्या." मनकर्णाबाईंचा आवाज पार खाली गेला होता. "दुपारी झोपली होती माह्या मांडीवर. तेलात लसूण कढवला न् कापसाचा बोळा ठेवला. तुमी म्हणलं कोरडा पाहिजे. आमची काळी जमीन कोरडी पडली की हात जाईल येवढ्या भेगा पडतात. मले वाटलं, आधीच फाटलेला पडदा, वाळला तर आणखी तडकून जाईल."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "कान पुन्हा वाहतोय. आता ऑपरेशन पुढे गेलं. एप्रिलच्या प्रॅक्टिकलआधी नाही जमणार."

"कान काई वावर हाय का वं, आई?" भावना म्हणाली. "पुढच्या परीक्षेपर्यंत माहे सहा महिने गेले!"

मग तिने माझे झाकण उघडून मला डबीत आपटले.

बंद.

चालू.

मित्रांनो, आता मला हिशेब लागेना. मी डाव्या कानात होते! साचा नवा, नळी नवी. अकोल्याच्या घरी कॅलेंडरवर सप्टेंबर. तिच्या उजव्या कानामागे बारीक वण होता, आणि त्या कानाला माझी गरज नव्हती. मधले सगळे, ऑपरेशनसुद्धा, माझ्याशिवाय झाले.

भावनाने पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि आईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. मला डाव्या कानातून काढून आईच्या हातात दिले. मनकर्णाबाईंनी मला घट्ट मुठीत धरले. मी शिट्टी वाजवली.

"हे काहून रडून राहिलं?"

"मूठ उघड. न् बोलू नको आता."

मूठ उघडली. फुगा दाबल्याचा फुसफुस आवाज. मग हवा हळूहळू सुटली. मग काहीच नाही. नाडीचे ठोके मला ऐकू येत नाहीत. ते फक्त त्या दोघींमधल्या नळीत होते.

"एकशे बावन्न वर शहाण्णव."

"एकशे वीस नाही?"

"नाही, आई." भावनाने आकडा वहीत लिहिला. "उद्या दवाखान्यात जाऊ. गोळी लागते का, इचारू. तेल-लोणचं आजपासून कमी."

"तेल तं म्या तवाच सोडलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा पाह्य बरं. मले तुले ऐकताना पाहू दे."

मित्रांनो, डाव्या कानाची पाळी दिवाळीनंतर आहे. तो पडदाही धरला, तर मला काम उरणार नाही. मला त्याचे दुःख आहे, आणि नाही. एवढेच मागते. कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तेल कढईतच राहू द्या. आणि मला डबीत बॅटरीसकट गंजू देऊ नका. नवा साचा लावला की मी अजून कोणाला तरी पंख्याची कुरकुर ऐकवू शकते.