मसुदा वहीचं पान एकेचाळीस

घोषणा करायला घसा लागतो. आदेश काढायला सही लागते, आणि सही करायची वेळ आली की भल्याभल्यांच्या हाताला मुंग्या येतात. मंत्रीमहोदयांचा घसा मजबूत होता. मैदानात, माईकसमोर, दोन्ही हात वर करून त्यांनी सांगून टाकलं की आजपासून प्रत्येक सरकारी कार्यालयात पारलिंगी माणूस स्वतःचं जे नाव आणि जे लिंग सांगेल, तेच धरलं जाईल. टाळ्या पडल्या. मंत्री गाडीत बसले. कागद काही कुठून निघाला नाही.

निघाली ती पाटी. नोंदणी कार्यालयाच्या दारावर ही घोषणा हातभर अक्षरांत रंगवायची आणि गुरुवारी मंत्र्यांनीच येऊन तिच्यावरचा पडदा सरकवायचा, असं ठरलं. काम मामाच्या दुकानात आलं. मामाने चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या होत्या, पण आता त्याला शिडीची पायरीसुद्धा चाचपून शोधावी लागे. म्हणून शिडीवर चढली ती त्याची भाची. तिला सगळे ठळक म्हणत, कारण तिची अक्षरं रस्त्यापलीकडूनच अंगावर येत. सोळाव्या वर्षी ती मामाकडे शिकायला आली, तेव्हा भाचा होती. पुढे शेजारीपाजारी कुजबुजायला लागले, तेव्हा मामाने एकदाच तोंड उघडलं. "भाचा म्हणून ठेवून घेतला, भाची निघाली. हात तोच आहे ना? मग झालं."

मामाला दुकान तिच्या नावावर करायचं होतं. परवाना बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत. ती चुकली की दुकान मामेभावाकडे जाणार, आणि मामेभावाने जन्मात ब्रश धरला तो दाढीचा. त्याला तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. अडचण एकच. परवान्यावर ओळखपत्रातलं नाव चढतं, आणि ठळकच्या ओळखपत्रावर अजून ते जुनं नाव होतं, ज्या नावाने कुणी हाक मारली तर ती मान वळवत नसे. त्या नावाने परवाना घ्यायचा म्हणजे आपल्याच दुकानात जन्मभर परक्याच्या नावावर बसायचं.

म्हणून बुधवारी 'ग्राह्य धरले जाईल' यातला शेवटचा ल भरून ती खाली उतरली, टर्पेंटाइनने हात पुसले आणि ओळखपत्रावरचं नाव-लिंग बदलायचा अर्ज घेऊन त्याच दारातून आत गेली. खिडकी क्रमांक तीन. मागे हेडक्लार्क. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डॉक्टरचा दाखला मागितला. ठळकने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. हेडक्लार्क म्हणाले की ती घोषणा आहे, आदेश नाही. आदेश कधी येणार? वरून येईल तेव्हा. मग पाटी लावताय कशाला, असं तिने विचारलं.

"लावा असं वरून आलंय," हेडक्लार्क म्हणाले. "पाळा असं आलेलं नाही."

हे बोलताना माणूस लाजला नाही. दात कोरत होता. वर तिला 'अरे' म्हणत होता, तेही ताज्या रंगाचा वास नाकाशी दरवळत असताना.

ठळकने दुकानात येऊन डबे आपटले. मामाने झाकणं वाकवू नकोस एवढंच सांगितलं, आणि मग विचारलं की वहीवर सही घेतली होतीस ना?

मामाचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाने मजकूर वहीत वाचून खाली सही केल्याशिवाय ब्रश रंगात बुडवायचा नाही. एकदा दातांच्या एका डॉक्टरने पाटी तयार झाल्यावर 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणून हात वर केले होते, तेव्हापासून हा नियम. दुसरा, चुकीचा ठरलेला मजकूर दुकानाच्या हातचा म्हणून भिंतीवर राहू द्यायचा नाही. पांढरा रंग फासायचा.

तिने वही उघडली. पान एकेचाळीस. घोषणा अथपासून इतिपर्यंत. खाली हेडक्लार्कची सही, तारीख. पण तीस वर्षांची सवय वाईट. कागदावर कोरी जागा दिसली की त्यांचा हात थांबत नसे. सहीच्या वर त्यांनी आपणहून ओळ ठोकली होती, 'तपासले. या कार्यालयास लागू,' आणि त्यावर गोल शिक्का.

मामाला ते तिने वाचून दाखवलं. दोघं इतकी हसली की मामाला पाणी द्यावं लागलं. मंत्र्यांच्या त्या अख्ख्या घोषणेला जगात सही-शिक्का असलेली एकच जागा होती, आणि ती रंगाच्या डब्यांमागच्या फळीवर होती.

गुरुवारी अकराला मंत्री येणार होते. साडेदहाला ठळक खिडकी क्रमांक तीनवर हजर. एका हातात वही, दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाची बादली.

"साहेब, हे तुमचंच अक्षर ना? लागू असेल तर माझा अर्ज घ्या. नसेल तर खाली लिहून द्या, मजकूर चुकीचा. पाच मिनिटांत सगळं पांढरं करून देते."

हेडक्लार्क म्हणाले की लागू म्हणजे तसं लागू नाही, पाटीपुरतं. ठळकने पेन पुढे केलं आणि म्हणाली की मग तसंच लिहा, फक्त पाटीपुरतं लागू. त्यांनी पेन घेतलं. बाहेर शिपाई पडद्याची दोरी ओढून बघत होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि अर्ज ओढून घेतला.

नोंदवहीत 'आधार' या रकान्यापाशी ते पुन्हा अडले. आदेश क्रमांक लिहावा तर आदेशच नाही. शेवटी दात-ओठ खात लिहिलं, 'पाटी रंगवणाऱ्यांची मसुदा वही, पान ४१.' पावती सरकवताना ते म्हणाले, "बाई, ती बादली तेवढी मागच्या दाराने न्या."

बाई पुढच्याच दाराने गेली, बादलीसकट. तेवढ्यात मंत्री आले, पडदा सरकवला आणि तेच सगळं पुन्हा बोलले. पुन्हा टाळ्या.

कायदा बदलला असं कुणी समजू नये. एक माणूस घाबरला, एवढंच झालं. उद्या त्या खिडकीवर दुसरा कुणी बसला, तर सगळं पहिल्यापासून. माणसाचं नाव एका कारकुनाच्या धास्तीवर टांगून ठेवायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, याला राज्य करणं म्हणतात. शनिवारपर्यंत तीन जणी आणि एक जण दुकानात येऊन पान एकेचाळीसची झेरॉक्स घेऊन गेले. मामा प्रत्येकाला बजावत होता, बरोबर बादली न्या.

त्या पावतीवरच्या नव्या नावाने परवाना शुक्रवारी झाला. मामेभाऊ दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी दुसरीकडे काढायच्या कव्हरांच्या दुकानाची पाटी फुकट मागायला आला.

पण आधी स्वतःची पाटी. ठळकने ब्रश उचलला तसा मामाने तिचा हात धरला.

"गिऱ्हाईक कोण?"

"मीच."

"मग सही कर."

तिने पान बेचाळीसवर आपलं नाव लिहिलं, खाली त्याच नावाची सही केली. मामाने वही नाकाशी नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला की मला काही दिसत नाही, फारच बारीक लिहिलंयस.

ठळकने पान उलटलं, आणि पुन्हा लिहिलं. पानभर.