शेवटची कोरी तबकडी

टिब्सच्या गॅरेजमध्ये सहा कोऱ्या तबकड्या होत्या. त्यातल्या पाच आम्ही दुपारी तीनपर्यंत वाया घालवल्या. पहिली शेजारच्या कुत्र्यानं भुंकून घालवली. दुसरीच्या वेळी रॉस्को दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरला, आणि विसरला तो विसरला, वर हसला. तिसरीच्या वेळी मालगाडी गेली. चौथी आणि पाचवी माझ्यामुळे गेल्या. तेव्हा मी ते कबूल केलं नाही, पियानोच्या पट्ट्या चिकटतात म्हणून सांगितलं. खरं म्हणजे माझे हात कापत होते.

कापायला कारण होतं. १९४८चा जुलै होता आणि वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वादकांच्या युनियननं रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती. हॉटेलात वाजवा, लग्नात वाजवा, पण तबकडीसाठी वाजवायचं नाही. तबकडी वाजू लागली की वाजवणारा माणूस घरी बसतो, असं युनियनचं म्हणणं. बंदी मोडताना सापडलं की युनियनचं कार्ड जायचं, आणि कार्ड नसलेल्या वादकाला लॉस एंजेलिसमधलं एकही बरं हॉटेल दारात उभं करायचं नाही. माझं कार्ड गेलं असतं तर मी पुन्हा लॉन्ड्रीत गेले असते. आठ वर्षं मी तिथं दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री केली होती. त्या वाफेनं बोटं अशी सुजायची की संध्याकाळी पियानोला हात लावला तर रडू यायचं.

मग ही अवदसा मला आठवलीच का, असं कुणीही विचारेल. गाणं माझं होतं म्हणून. हॉटेलातल्या शनिवारच्या गर्दीत, माणसं नाचता नाचता खुर्च्या पाडायला लागली तेव्हा, माझ्या डाव्या हातानं ते शोधून काढलं होतं. जूनमध्ये रस्त्यापलीकडच्या क्लबात दुसरी एक मंडळी तेच गाणं शब्द बदलून वाजवताना मी ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. तबकडीवर ज्याच्या नावानं गाणं आधी येतं त्याचं ते होतं. मागाहून कितीही छाती पिटली तरी कुणी विचारत नाही. बंदी उठेपर्यंत थांबले असते तर माझं गाणं मलाच दुकानातून विकत घ्यावं लागलं असतं. तबकड्या काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचा माणूस कोरलेली तबकडी दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होता. तिच्यावर तो मागच्या डिसेंबरची, म्हणजे बंदीआधीची, तारीख घालणार होता. तसं तेव्हा बरेच जण करत होते.

त्या संगीताला धड नावही नव्हतं. दुकानात आमच्या तबकड्यांचा कप्पा वेगळा असायचा आणि त्यावर आम्हा काळ्यांच्या वर्णाची चिठ्ठी. पुढच्या वर्षी मासिकवाल्यांनी त्याला ‘रिदम अँड ब्लूज’ म्हणायचं ठरवलं. आम्ही त्याला शनिवारचं म्हणायचो.

‘‘शेवटची आहे,’’ टिब्स म्हणाला. अलोंझो टिब्स रेडिओ दुरुस्त करायचा, आणि तबकडी कोरायचं यंत्र त्यानं स्वतःच जोडून बनवलं होतं. ‘‘आता कुणाला शिंकायचं असेल, खोकायचं असेल, देवाला आठवायचं असेल, तर आत्ताच उरका.’’

‘‘व्हर्लीनबाईंचा पियानो चिकटतोय म्हणे,’’ रॉस्को म्हणाला. रॉस्को पेटीज दिवसा गोदीत वेल्डिंग करायचा. आवाज असा की माईकपासून चार पावलं लांब उभा करावा लागे.

‘‘तू शब्द लक्षात ठेव, पियानोचं मी बघते. भोपळ्यासारखं डोकं घेऊन आलाय नुसता.’’

डॉर्सी गालात हसला. डॉर्सी एकिन्स आमचा ड्रमवाला, पण ड्रमचा आवाज तीन गल्ल्या जातो म्हणून त्याला ते आणू दिले नव्हते. तो प्रवासाची सुटकेस मांडीवर आडवी घेऊन बसला होता आणि ड्रमच्या ब्रशनं तिच्यावर वाजवत होता. ठोका दुसऱ्या मात्रेवर आणि चौथ्या मात्रेवर, चर्चमध्ये आमच्या बायका टाळ्या देतात तसा. राहिला होसिया ब्रँटली. तो सॅक्सोफोन असा फुंकायचा की आत घेतला असता तर बाकी कुणी ऐकूच आलं नसतं. म्हणून त्याला मागच्या दाराबाहेर, बोळात उभा केला होता. दार अर्धं उघडं. तिथून त्याला रस्ता दिसत होता, तेव्हा राखणही त्याच्याकडेच.

टिब्सनं सुई टेकवली आणि बोट वर केलं.

एकदा सुई टेकली की बोलायचं नाही, हलायचं नाही. घर पेटलं तरी गाणं संपल्यावर पाणी आणायचं. हा नियम आम्हाला कुणी शिकवला नव्हता, पण आमच्यातल्या कुणीही तो मोडला नसता. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, खिडकी बंद, आणि उकाडा एवढा की तबकडीचा लेप मऊ पडेल अशी टिब्सला धास्ती. सुईखालून निघणारा काळा धागा तो रंगाच्या कुंचल्यानं बाजूला सारत होता. तो धागा सुईत अडकला की खेळ खलास.

पहिलं कडवं नीट गेलं. रॉस्को त्या निघून गेलेल्या बाईला विचारत होता की चुलीवर दोन कप कॉफी कुणासाठी ठेवलीस, आणि असा विचारत होता की मलाच उत्तर द्यावंसं वाटलं. माझा डावा हात सुटला. दुसरं कडवं गेलं, शब्द सगळे जागेवर. मग होसियाची पाळी आली आणि तो बोळातून असा आत घुसला की टांगलेल्या गोधड्या थरथरल्या.

चार ओळी त्यानं जोरात वाजवल्या. पाचवीला सूर चिरकला.

मी वळून पाहिलं. दाराच्या फटीतून होसियाचे डोळे दिसले, बशीएवढे झालेले. तो रस्त्याकडे पाहत होता आणि थांबू शकत नव्हता, कारण सुई चालू होती. त्यानं भुवईनं मला खूण केली. कोण असणार ते मला लगेच कळलं. गेले दोन महिने युनियनचे निरीक्षक मिस्टर फॉन्टेनो गॅरेजांवर फेऱ्या मारत होते.

मग होसियानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो वाजवत वाजवत मागे सरकू लागला. एक पाऊल, दोन पावलं, मग कुंपणाच्या निखळलेल्या फळीतून शेजारच्या अंगणात. सॅक्सोफोन दूर गेला, मग आणखी दूर, कोंबड्या फडफडल्या, आणि शेवटचे चार सूर कुठून तरी पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखे आले. एकही सूर त्यानं गाळला नाही. आता ते तबकडीवर कसं उतरत होतं ते देव जाणे. टिब्सनं क्षणभर डोळे मिटले.

होसिया सुटला होता. मी कुठं जाणार? पियानो काही बगलेत मारून पळता येत नाही.

मागचं दार हळूच उघडलं आणि मिस्टर फॉन्टेनो आत आले.

माझी पाचावर धारण बसली. तरी हात चालूच होते. शेवटचं कडवं उरलं होतं, साधारण पाऊण मिनिट. रॉस्कोनं त्यांना पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम वर चढला, भीतीनं की काय. डॉर्सी सुटकेसकडे मान घालून ठोके देत राहिला. फॉन्टेनो एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. नुसता घसा खाकरला असता तरी तबकडी कचऱ्यात गेली असती आणि त्यांचं काम झालं असतं. मी मनात म्हणत होते, बोला, आणि त्याच वेळी म्हणत होते, नका बोलू.

त्यांनी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली आणि ते उभे राहिले. तीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवलेला माणूस होता तो. शेवटचा सूर मी दाबला आणि तो विरेपर्यंत पट्टी सोडली नाही. टिब्सनं सुई उचलली.

‘‘संपलं?’’ फॉन्टेनोंनी विचारलं.

‘‘संपलं,’’ टिब्स म्हणाला.

‘‘मग आता बोलतो.’’ त्यांनी हॅट परत घातली, खिशातून वही काढली. ‘‘तू कोण रे?’’

‘‘रॉस्को पेटीज. मी नुसता गातो. मी कुठल्या युनियनमध्ये नाही, वेल्डरांच्या सोडून.’’

‘‘गाणाऱ्यांना बंदी नाही. पुढे. ही सुटकेस उघड.’’

डॉर्सीनं उघडली. आत दोन शर्ट, मोजे आणि दाढीचं सामान. फॉन्टेनोंनी मोजे उचलून पाहिले आणि परत ठेवले.

‘‘सुटकेस वाद्यांच्या यादीत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण एकिन्स, एवढा चांगला हात तुझा, आणि सामान बडवत बसलायस! आणि ठोका उलटा. आम्ही एक आणि तीनवर द्यायचो, माणसासारखा.’’

‘‘तुमच्या वेळी माणसं बसून ऐकायची, मिस्टर फॉन्टेनो,’’ डॉर्सी पुटपुटला.

‘‘सॅक्सोफोन कुठाय?’’

‘‘शेजारी रेडिओ लागला होता,’’ रॉस्को म्हणाला.

‘‘ब्रँटलीसारखा फुंकणारा रेडिओ बरा मिळाला शेजाऱ्यांना. असो. जो दिसला नाही त्याचं नाव मी लिहीत नाही.’’ आणि मग ते माझ्याकडे वळले. एवढा वेळ त्यांनी मुद्दाम पाहिलं नव्हतं, ते मला समजत होतं.

माझ्या कार्डावर शिफारशीची सही त्यांचीच होती. नऊ वर्षांपूर्वी बाईला कशाला कार्ड, असं बाकीचे म्हणाले तेव्हा हा माणूस टेबलावर मूठ आपटून माझ्यासाठी भांडला होता.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘सगळ्या शहरात मला तूच सापडायची होतीस?’’

‘‘गाणं माझं आहे. दुसरे उचलून नेत होते.’’

‘‘मला माहीत आहे. तरी पण ऐक. सात महिने झाले, वादकांची शेकडो घरं कळ काढून बसलीत. त्यांनाही गाणी सुचतात. त्यांचीही कुणी चोरतं. मी तुला सोडलं तर उद्या त्यांच्या तोंडाकडे कसा बघू?’’

मला भयंकर राग आला. ते चुकीचं बोलत असते तर मी त्यांना सुनावलं असतं. पण त्यांचं बरोबर होतं.

‘‘एक करता येईल,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘ती तबकडी मला दे. मी ती इथंच, तुझ्यासमोर मोडतो. मग इथं काही झालंच नाही. मी आलो, तुम्ही मासे खात होता, मी गेलो.’’

टिब्सच्या स्वयंपाकघरातून खरोखरच तळलेल्या माशांचा वास येत होता.

‘‘देऊन टाक बाई,’’ रॉस्को म्हणाला. ‘‘हिवाळ्यात बंदी उठेल, तेव्हा पुन्हा करू. मी शब्द विसरणार नाही, आईची शपथ.’’

‘‘हिवाळ्यात ते गाणं दुसऱ्याचं झालेलं असेल,’’ टिब्स म्हणाला, आणि लगेच, ‘‘पण तू बघ. कार्ड तुझं आहे.’’

डॉर्सी सुटकेसची कडी लावत होता, काढत होता, लावत होता.

मी तबकडीकडे पाहिलं. काळी, चकचकीत, अजून गरम असावी. मला लॉन्ड्री आठवली, वाफ आठवली, मुकादमीण आठवली. शनिवारी हॉटेलात माझी जागा दुसरं कुणी भरेल हे आठवलं. पर्स उघडायला मला फार वेळ लागला. कार्ड काढलं आणि त्यांच्या वहीवर ठेवलं.

‘‘व्हर्लीन,’’ ते म्हणाले. पोरी नाही म्हणाले. ‘‘नीट विचार केलास?’’

‘‘नाही केला. केला तर तुम्हाला तबकडी देईन. तेव्हा तुम्ही आता घ्या ते आणि जा.’’

त्यांनी माझं नाव वहीत लिहिलं. अक्षर त्यांचं नेहमी सुरेख, पण त्या दिवशी त्यांना पेन्सिल दोनदा उचलावी लागली. कार्ड खिशात घालून ते दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

‘‘मी शेवटचंच ऐकलं,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा पहिल्यापासून लावशील? निरीक्षक म्हणून नाही मागत.’’

टिब्सनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरी भूक होती, आणि मला ते नाकारताना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. थोडा झाला.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘मऊ लेप आहे. प्रती काढायच्या साच्याला जायच्या आधी एकदा जरी सुई फिरली तरी खरवडून निघतो. दुकानात येईल तेव्हा घ्या, सगळ्यांसारखी.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘बरोबर आहे,’’ म्हणाले, आणि गेले. त्यांची पावलं बोळातून रस्त्यापर्यंत ऐकू आली.

‘‘म्हाताऱ्याला ऐकवायला हवं होतंस,’’ रॉस्को म्हणाला. ‘‘निदान आपल्याला तरी कळलं असतं.’’

‘‘काय कळलं असतं?’’

‘‘कसं उतरलंय ते. होसिया कोंबड्यांत जाऊन वाजवत होता, मी घाबरून वरच्या पट्टीत ओरडत होतो. कदाचित सगळा विचका झाला असेल.’’

टिब्सनं तबकडी दोन्ही हातांनी कडेला धरून उचलली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. साच्यातून पहिली तबकडी यायला सहा आठवडे लागणार होते. मी पियानोसमोरच बसून राहिले. कार्ड देऊन झालं होतं, आणि गाणं त्या डब्यात आहे की नुसता गोंगाट आहे, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.