गाडी चालू आहे का?

मिस्त्रींना त्या भागात कुणी मिस्त्री म्हणत नसे, ‘कान’ म्हणत. जुनी गाडी घ्यायला निघालेल्याला चार लोक सांगत, आधी कानाला दाखव आणि मग ठरव. मिस्त्रींचा थाटही तसाच. गाडी आली की आधी सगळ्यांना दटावून गप्प बसवायचे, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात निकाल. पस्तीस वर्षांत तो चुकला नव्हता, निदान कुणी तोंडावर तसं म्हटलं नव्हतं.

पण गेली दोन वर्षं मूठ कानाशी धरली तरी पलीकडे सगळी सामसूम. आधी उजवा कान गेला, मग डावा त्याच्या मागोमाग निघाला. समोरच्याचं तोंड दिसत असलं तर बोलणं अजून समजायचं. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आता आचाऱ्याची जीभ गेली तर तो दवंडी पिटत फिरेल का? धुराचा रंग बघून, प्लगवरची काजळी बघून, बॉनेटवर तळवा ठेवून ते भागवायचे आणि मग सवयीने डोळे मिटून मूठ कानाशी धरायचे. नाटक हो, दुसरं काय.

त्यात मुलीने विजेच्या गाडीचं काढलं.

मुलगी नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शनं करायची. रोजचे बेचाळीस किलोमीटर, त्यातले निम्मे खाणीकडच्या वळणावळणाच्या उतारावर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आपली आठ वर्षांची गाडी विकत होत्या. विजेच्या गाड्या निघाल्या तेव्हाची, अगदी सुरुवातीची.

“ती गाडी नाही, चाकं लावलेला मोबाईल आहे,” मिस्त्री म्हणाले. “आठ वर्षांच्या बॅटरीत काय राम राहिला असेल? मोबाईल बंद पडला तर माणूस घरी असतो. तू कुठे असशील?”

“म्हणून तर तुम्ही बघायला चला ना. तुम्ही नको म्हणालात तर नको.”

गणिताच्या बाईंनी दारातच वही काढली. “नवी होती तेव्हा एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर जायची. आता सत्तर. थंडीत पंचावन्न, आणि हीटर लावला तर पन्नासच धरा. गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकशे वीस म्हणतं. त्या पुस्तकाला मी शून्य गुण दिलेत.”

“माझे बेचाळीस होतात,” मुलगी म्हणाली, “आणि दुपारी मी जेवायला घरी येते. गॅरेजमधला साधा प्लग चालेल?”

“चालेल की. जेवणाच्या दोन तासांत वीसेक किलोमीटरची भर पडेल. लांबच्या प्रवासाला मात्र हिचं नाव काढू नका. मी एकदा काढलं, आणि एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर पाच तास वर्तमानपत्र वाचत बसले.”

बाईंनी किल्ली फिरवली. मिस्त्री वाट बघत राहिले. काहीच नाही. इंजिनाची घरघर तरी ऐकू यायची, आता तीही गेली?

“चालू आहे का?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या. “सगळे हेच विचारतात. चालूच आहे.”

सगळे हेच विचारतात! दोन वर्षांत इतकं गोड वाक्य मिस्त्रींना कुणी ऐकवलं नव्हतं. ही अशी गाडी, की हिच्यापुढे सगळ्या जगाचे कान सारखेच. त्यांनी बॉनेट उघडून मोटर पाहिली, वाकून ब्रेक पाहिले, टायर पाहिले. मोबाईलबद्दलचं आपलं मत ते मनातल्या मनात गिळून मोकळे झाले.

फेरी मारायला मुलगी चालवायला बसली, मिस्त्री शेजारी आणि बाई मागे. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मिस्त्री खुशीत म्हणाले, “झकास आहे. जरासुद्धा आवाज नाही.”

मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. “मग हा कसला येतोय? मागून, घूं घूं असा. चाळीसच्या पुढे वाढतोय.”

मिस्त्री घाईने म्हणाले, “हा होय? हा मोटरचा. विजेच्या गाड्यांना असतोच.”

आरशात बाई जोरजोरात मान डोलावताना दिसल्या. त्यांनाही तो आवाज विजेचाच वाटत आला होता.

“तुम्ही म्हणालात म्हणजे झालं,” मुलगी म्हणाली आणि समोर बघून चालवू लागली. तिच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली.

मिस्त्री कानकोंडे होऊन बसले. मोटर पुढे होती. आत्ताच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती त्यांनी. आवाज मागून, आणि आपण सांगितलं मोटरचा! मागून वेगाबरोबर वाढणारी घुरघुर बहुतेक चाकाच्या बेअरिंगची असते, आणि बेअरिंग अडकायला तो खाणीचा उतार पुरे होता. घरी नेऊन गुपचूप चाक खोललं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण उद्या ती पुन्हा विचारणार, बाबा, हा आवाज कसला. आणि आपण जे तोंडाला येईल ते सांगू, त्यावर ती डोळे मिटून विश्वास ठेवणार. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

“गाडी बाजूला घे,” ते म्हणाले.

तिने घेतली.

“मी खोटं बोललो. मोटर पुढे आहे. आणि तो आवाज मला आलाच नाही. दोन वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही.”

मुलगी स्टिअरिंग सोडून पूर्ण त्यांच्याकडे वळली. “दोन वर्षं. मी रोज परक्यांच्या आईवडिलांची विचारपूस करत फिरते, बाबा.”

“लोक मला कान म्हणतात गं. कानच गेला म्हटल्यावर माझं उरलं काय?”

“मला फार राग आलाय,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “आधी चाक बघू, मग रागावते.”

बाईंच्या अंगणात त्यांनी जॅक लावून मागचं डावं चाक उचललं. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकामागच्या दांड्याला टेकवलं आणि मूठ मुलीच्या कानाशी दिली. पस्तीस वर्षांत ती दुसऱ्या कुणाच्या कानाशी गेली नव्हती. एका हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी चाक फिरवलं.

“गुळगुळीत फिरतंय की खडे चाळल्यासारखं?”

मुलीने डोळे मिटले. “खडे.”

“माझ्या बोटांनाही खडेच लागतायत. बेअरिंग गेलंय. बाकी गाडी घे, तुझ्या कामाला चांगली आहे.”

“आणि मी त्याला वीज समजत होते,” बाई म्हणाल्या आणि वहीत तसं लिहून ठेवलं.

आठवड्याने नवं बेअरिंग बसवून गाडी घरी आली. कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मुलीने परस्पर घेऊन टाकली होती, आणि रागावणं अजून चालूच होतं. सकाळी ती निघाली तेव्हा मिस्त्री गॅरेजच्या दारात उभे होते. समोरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन रस्ता ओलांडून आला आणि गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, “चालू आहे का हो?”

“मला विचारू नका, मला ऐकू येत नाही,” मिस्त्री म्हणाले. “तिला विचारा.”

शिंपी खो खो हसला. कानाने केलेला विनोद वाटला त्याला.

मिस्त्री हसले नाहीत. “खरंच नाही येत,” ते म्हणाले.

शिंप्याचं हसू थांबलं. मुलीने काच खाली घेतली, तोंड नीट दिसेल असं वडिलांकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, “चालू आहे, बाबा.”