तिसरी कॉइल

धाकटीच्या गाडीत इंजिनचा दिवा लागला तो नेमका सहीच्या दिवशी. सकाळचे सव्वाआठ, पुलाचा चढ, आणि गाडी अशी गचके द्यायला लागली की मागच्याने हॉर्न वाजवून आकाशपाताळ एक केलं. समोर पिवळा दिवा डोळे मिचकावतोय. धाकटी म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणारी नर्स. तिने पेशंटला फोन करून दुपारची वेळ मागितली आणि गाडी कशीबशी घरी आणून उभी केली.

गाडी बाबांची. बाबा गेले तेव्हा मागे दोनच गोष्टी उरल्या, गॅरेज आणि ही गाडी. दादा पंधरा वर्षं त्या गॅरेजमध्ये राबलेला, तेव्हा गॅरेज त्याचंच, असं धाकटीनेच आपणहून म्हटलं होतं. तिचं मागणं एवढंच की बाबांची गाडी मला दे. परवा दादाने किल्ली तिच्या हातावर ठेवली. "टकाटक करून दिलीय. डोळे झाकून चालव." आणि आज संध्याकाळी तो कागद घेऊन येणार होता, गॅरेजवरचा अर्धा हक्क तिने सोडला असं लिहिलेला. सख्ख्या भावाच्या कागदावर सही करायला विचार कसला करायचा? तिने पेनसुद्धा टेबलावर काढून ठेवलं होतं.

दादाला फोन केला, तर म्हणाला, "अगं, पेट्रोल खराब असेल. लागतो लागतो आणि आपोआप जातो. तू कशाला हात लावू नकोस हं, नसती भानगड करून ठेवशील. संध्याकाळी आलो की बघतो, आधी सहीचं उरकू."

हात लावू नकोस म्हणे! सातव्या वर्षापासून बाबांच्या शेजारी बसून पाने-पकडी पुसून देणाऱ्या पोरीला हा शहाणा सांगतोय. तिने कपाटातून बाबांचा गाडीचे बिघाड वाचणारा छोटा स्कॅनर काढला, स्टिअरिंगखालच्या खोबणीत खुपसला आणि किल्ली फिरवली. बिघाडाचा कोड आला. तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, मधेमधे पेटतच नाहीये. म्हणजे तिथला प्लग तरी गेला किंवा त्याला ठिणगी देणारी कॉइल तरी.

बाबांची एक सवय होती. कोड वाचला की ते पुढचं पानही बघायचे, मागचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली ते सांगणारं. "रोग बघायचा आणि तो लपवला कोणी तेही बघायचं," असं म्हणायचे. धाकटीने ते पान उघडलं. एक्केचाळीस किलोमीटर. तिने बोटांवर मोजलं. गॅरेज ते घर बारा, काल दोन पेशंट मिळून तेवीस, आजचे सहा. बरोब्बर एक्केचाळीस. म्हणजे किल्ली देण्याआधी, गॅरेजच्या दारातच, कुणीतरी कोड पुसून दिवा घालवला होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण आपल्या माणसाची वकिली माणूस किती करतो बघा! तिने स्वतःलाच समजावलं, की त्याने बिघाड दुरुस्त केला असेल आणि मग कोड पुसला असेल. तशीच तर रीत आहे. पुन्हा बिघडलं, त्याला तो बिचारा काय करणार?

मग तिने बॉनेट उघडलं, इंजिनवरचं झाकण काढलं आणि चार कॉइल एका रांगेत दिसल्या. पहिलीवर पांढऱ्या रंगात तारीख. दुसरीवर तारीख. चौथीवर तारीख. तिसरी कोरी.

आता हे समजायला बाबा ठाऊक हवेत. तारीख घातल्याशिवाय त्यांनी कधी गाडीत सुटा भाग बसवला नाही. आगकाडीच्या टोकाने पांढरा रंग लावायचे, आणि डबी धरायला धाकटी. दादा हसायचा, "बाबा, गाडी आहे की औषधाची बाटली?" हसून हसून त्याला ती खूण दिसेनाशी झाली असणार, कारण रोजची गोष्ट माणसाला दिसत नाही. चारही कॉइल बाबांनी गेल्याच वर्षी एकदम बदललेल्या. त्यातली एक काढून दादाने तिथे कुठल्यातरी भंगार गाडीची बसवली होती.

तरी तिने खात्री केली. दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळात दिवा परत लागला, आता दोन नंबरचा कोड घेऊन. बिघाड त्या कोऱ्या कॉइलबरोबर चालत गेला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने नवी आणली, बसवली. रंगाची डबी नव्हती, म्हणून नेलपॉलिशने लाल तारीख घातली. राग होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, की आपण ते पेन सकाळपासून काढून ठेवलं होतं.

संध्याकाळी दादा आला. गाडीत डोकावून म्हणाला, "बघ, गेला ना दिवा? म्हटलं नव्हतं? आण पेन."

तिने बॉनेट उचललं. दादाने बघितलं. तीन पांढऱ्या तारखा, एक लाल. भंगार कॉइल तिने त्याच्या हातात दिली.

"बाबांची कुठे आहे?"

"गिऱ्हाईक खोळंबलं होतं गं," दादा म्हणाला. "त्याच्या गाडीत घातली. वेळेला मिळाली नाही दुसरी. नंतर बदलणारच होतो."

"मग कोड का पुसलास?"

तो चिडला. "अगं, तुला काय कळणार होतं त्यातलं!"

झालं. एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"गॅरेज मी तुला तसंच देणार होते," ती म्हणाली. "गाडी दिली नसतीस तरी."

"एका कॉइलपायी भावाशी तोडतेस?"

"मी कुठे तोडतेय? उद्यापासून मी येतेय गॅरेजमध्ये. अर्धं माझं आहे. तू बसवलेल्या प्रत्येक भागावर तारीख बघणार. बाबांची ती पांढऱ्या रंगाची डबी काढून ठेव."

दादाने कागदाची घडी खिशात घातली. "फेकली ती," एवढं म्हणून तो निघून गेला. घरी वहिनी कशी आहे हे विचारायचं तिचं राहून गेलं, आणि आता ते कधी विचारणार कोण जाणे.

ती गाडीत बसली. किल्ली फिरवली. पिवळा दिवा क्षणभर लागला, चांगल्या गाडीत लागतो तसा, आणि इंजिन सुरू होताच गेला. सुरेख आवाज येत होता, बाबांनी मान डोलावली असती असा. तिला मात्र रडू फुटलं. मेला दिवा आणखी एकच दिवस थांबला असता, तर सही होऊन गेली असती. गॅरेज गेलं असतं, पण भाऊ राहिला असता.