पाडसाचा आवाज

वैजयंतीबाईंनी हरणांना बोलवायची लाकडी शिट्टी ओठांत धरली आणि हळूच फुंकली. आईपासून चुकलेल्या पाडसासारखा बारीक आवाज निघाला.

"अजून घाबरून," मचाणावर रायफल टेकवत जयंतराव कुजबुजले. "काल फोनवर बरं जमलं तुला."

काल रात्री जयंतरावांनी समोर बसून बाईंकडून मुलीला फोन करवला होता. बाबांच्या छातीत दुखतंय, उद्या सकाळीच ये. आश्लेषा क्रॉयडनला अँड्र्यूबरोबर राहायला गेली, त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती घरी आली नव्हती. आज जेवायला बर्मिंगहॅमहून एक डॉक्टर मुलगा आणि त्याचे आईवडील येणार होते. ते तिला ठाऊक नव्हतं.

नेचे हलले. आधी हरणी आली. लपतछपत नाही, मान उंच करून सरळ आवाजाकडे. तिच्यामागे, तिचा वास घेत, माजावर आलेला नर.

"ऑगस्टात हे असंच. पिल्लासाठी ती येते, तिच्यामागे तो. वाजव परत."

बाईंनी वाजवलं. गोळी सुटली. नर गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. हरणी उडी मारून झाडीत गेली आणि थोड्या वेळाने परत आली. पडलेल्या नराकडे तिने पाहिलंही नाही. ती मचाणाकडे बघत उभी राहिली.

गोळी घातल्यावर लगेच खाली उतरायचं नसतं. जयंतराव थर्मासमधला चहा ओतू लागले. बाईंनी कोटातून मोबाइल काढला.

"आशू, येऊ नकोस गं. बाबांना काही झालेलं नाही..." पुढे त्यांना रडू फुटलं.

"आई? तू रडते? बाबाला काय झाला?"

"खोटं होतं ते. तू परत जा. माझं ऐक..."

"तू माझ्यापासून लपवते. डोन्ट क्राय, आई. मी एम थ्री मोटरवेवर आहे. फास्ट येते."

फोन बंद झाला. बाईंनी पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

जयंतरावांनी चहाचा घोट घेतला. "मी सांगून ती आली नसती," ते म्हणाले. "तुझ्या आवाजाला येते ती."

बाईंनी पदर तोंडावर दाबून धरला, तरी हुंदका बाहेर पडलाच, बारीक.

खाली हरणीने कान टवकारले आणि एक पाऊल पुढे टाकलं.