स्वयंपाकघरातली खुर्ची

दुधात केस निघाला. आखूड, काळा, कुणाच्या मानेवरचा कोण जाणे. दूध मोरीत ओतताना तिनं मनातल्या मनात सात पिढ्यांचा उद्धार केला, पण बोलणार कुणाला? केस कापणारा नवरा पलीकडेच उभा होता, आणि गिऱ्हाइकाची खुर्ची स्वयंपाकघरात आणवणारी ती स्वतःच होती.

नवऱ्याला पहिला झटका आला तो दुकानात. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा, आणि एकदम छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. आता मेलोच म्हणून तो वस्तरा टाकून पळाला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका, येतो नि जातो. पण त्याच्या धास्तीनं जागा टाळू नका, नाहीतर एकेक जागा हातची जाईल. यानं दुकान टाळलं. मग दुकानाचा रस्ता. मग कोपऱ्यावरचं वळण. आणि बिचारा घरी तरी निवांत काम करील म्हणून हिनं दिराकरवी खुर्चीच घरी आणवली. चार दिवसांचा तर प्रश्न, म्हणाली होती. कसले चार दिवस नि कसलं काय.

आता उशीत केस, पिठाच्या डब्यात केस, ओट्यावर सुकलेल्या फेसाचे ओघळ. आणि या सगळ्याच्या मधोमध हा, उन्हावाचून पांढराफटक पडलेला. त्याच्या अंगालासुद्धा कोंदट वास येऊ लागला होता. रात्री तो जवळ सरकला की ती भिंतीकडे तोंड करायची. सख्ख्या नवऱ्याची किळस यावी, याचीच तिला जास्त किळस यायची. असंच चाललं तर एक दिवस आपण याला सोडून जाणार, हे तिला कळून चुकलं होतं.

त्या सकाळी पोस्टमन खुर्चीत बसला होता. अर्धी दाढी झाली आणि वस्तरा खण्णकन खाली पडला. नवरा ओटा धरून धापा टाकत होता. जिथं झटका येणार नाही म्हणून सगळं जग सोडलं, तिथंच तो आला होता.

जरा ओसरल्यावर नवरा म्हणाला, "अगं, खुर्ची आतल्या खोलीत नेऊ या. तिथं खिडकी नाही. तिथं बरं वाटेल मला."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. आज आतली खोली, उद्या पलंगाखाली. तिनं वस्तरा उचलून धुतला.

"भाऊ, धरा एक बाजू," ती पोस्टमनला म्हणाली.

"अहो वहिनी, माझी दाढी..."

"बाहेर होईल."

दोघांनी खुर्ची ओढत गल्लीत नेली. पोस्टमन बापडा फेसासकट तीत बसला. जाणारे-येणारे हसायला लागले.

नवरा दाराची चौकट धरून उभा. "आण ती आत. मरेन मी."

"मेलात तर इथंच बसून रडेन. या."

तो वाकला आणि पायरीवरच भडाभडा ओकला. आंबट भपकारा आला. तिनं पदर नाकाला लावला. तो त्या घाणीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, आणि अनवाणी पाय त्याच घाणीत टाकून बाहेर आला.

तिला किळस आलीच, खोटं कशाला बोला. तरी त्याचा चिकट हात तिनं पदरानं पुसला आणि त्यात वस्तरा दिला. तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"सावकाश," पोस्टमन म्हणाला, आणि त्यानं मान वर केली.