तिसरी घंटा

शाळेच्या शिपाईकाकांनी एकोणीस वर्षं शिक्षक संघटनेच्या बैठकांना खुर्च्या मांडल्या, चहा दिला, आणि मतदानाची वेळ आली की दार ओढून बाहेर उभे राहिले. बाहेर म्हणजे काय, सगळं ऐकू यायचं हो! पण सभासद करून घ्या म्हटलं की सरचिटणीस, म्हणजे आपले गणिताचे सर, गोड बोलून वाटेला लावायचे. "काका, तुम्ही तर घरचेच. तुम्हाला अर्ज कशाला?"

"घरचे म्हणून राबवून घेतात, एवढंही कळत नाही तुम्हाला?" बायको म्हणायची. कळत होतं. झोंबतही होतं.

शेवटी संप ठरला. तिसरी घंटा झाली की सगळ्यांनी एकदम वर्ग सोडायचा आणि फाटकाशी जमायचं. टाळ्या पडल्या. घंटा कोण देणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दाराबाहेरच्या काकांनी मात्र ते बरोब्बर हेरलं.

त्या दिवशी तिसऱ्या घंटेची वेळ झाली, तरी काका आपले स्टुलावर, हातोडी मांडीवर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घड्याळ बघून कुणी उठावं की नाही? छे! घंटेशिवाय वर्ग सोडायची सवयच नाही या मंडळींना. भूगोलाच्या बाईंचा धडा संपला, तर त्यांनी पुढचा काढला. इतिहासाचे सर क्रांतीवर बोलून बोलून घसा बसवून बसले, पण उंबरा ओलांडायची छाती होईना.

गणिताचे सर धावत आले. "काका, घंटा! संप खोळंबलाय!"

"संप संघटनेचा. मी कोण?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. तसेच पळाले आणि अर्ज घेऊन आले. काकांनी वडिलांच्या नावासकट सावकाश सही केली.

"झालात सभासद! आता तरी द्या."

काकांनी हातोडी सरांच्या हातात ठेवली. "आता कशी देऊ? मीपण संपावर!"

सरांचा पहिला घाव भिंतीवर बसला, दुसरा हवेत गेला. तिसरा लागला आणि धडाधड दारं उघडली.

फाटकाशी काका सगळ्यांच्या आधी हजर. संप उद्याही चालू ठेवायचा का, असं सरांनी विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आतच काकांचा हात वर गेला. सरांनी मोजणी त्यांच्यापासूनच धरली. काकांना भरून आलं. सगळे हात मोजून झाले, खालीही आले, पण काकांचा काही खाली येईना.